घाटातले काळे ठिपके

९ फेब्रुवारी, सोमवार

चिरंजीवांचा हुकूम आहे की रोज लिहायचं. कम्प्युटर कधी बिघडतो, काय दिसतं, कुठे दिसतं, सगळं. "आई, तू फोनवर नुसतं 'बिघडलाय' म्हणतेस, त्यावरून मी इथे बसून काय समजू? तारीख घालून लिहीत जा." म्हणून मी शिवणकामाला जाते त्या दुकानातून मापाची एक कोरी वही आणली. आयुष्यात मी लोकांच्या कमरा आणि बाह्या सोडून काही लिहिलेलं नाही. आता एका डब्याच्या तब्येतीची नोंद ठेवायची. घ्या!

डबा म्हणजे पोराचा जुना गेम खेळायचा कम्प्युटर. तो नोकरीला लांब गेला आणि जाताना हा इथे ठेवून गेला. वर एक खोटं स्टिअरिंग टेबलाला आवळून बसवलं, खाली दोन पेडल. त्यात लॉरी चालवायचा खेळ आहे. आमच्या ह्यांनी जन्मभर खरी लॉरी चालवली. मग साखरेच्या दुखण्यात डावा पाय घोट्यावरून कापावा लागला आणि लॉरी सुटली.

पाय गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. जेवता का? ठेव. बोला काहीतरी. काय बोलू? दुकानातून आले की मी आधी पांघरूण वरखाली होतंय का ते बघायची, मग चप्पल काढायची. असे महिनेच्या महिने गेले. शेवटी पोराने हे यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी म्हणाले, "हा काय पोरखेळ!" आणि अर्ध्या तासात खोलीतून आवाज आला, "अरे गाढवा, दिवा न देता वळतोस?" मी ओट्याला टेकून रडले. नवऱ्याच्या तोंडची शिवी ऐकून इतका आनंद झालेली बाई जगात मी एकटीच असेन.

आता कोणी पायाचं विचारलं तर म्हणतात, "क्लच गेला, ब्रेक शाबूत आहे."

तेव्हा हा डबा बंद पडणं मला परवडणारं नाही. हे पुन्हा भिंतीकडे वळले तर ह्या खेपेला माझ्याच्याने त्यांना परत फिरवणं होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आजची नोंद: घाटात, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक काळे ठिपके. हलतात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ठिपके आजही. शिवाय एक केसासारखी रेघ. गाडी वळवली की रेघही सरकते, म्हणतात. मी चष्मा चढवला आणि पडद्याला नाक लावून बघितलं. मला एकही ठिपका दिसेना.

"अहो, कुठे आहेत?"

"आत्ता होते. तू आलीस की जातात. तुला घाबरतात."

मला घाबरणारं घरात कोणीतरी आहे हे ऐकून बरं वाटलं. पण ही गंमत दातासारखी झाली, दवाखान्यात पाऊल टाकलं की ठणका बंद.

आणखी एक, कम्प्युटरचं नाही, पण वही माझी आहे. रोज सकाळी हे मला सुया ओवून देतात. माझा हात हल्ली थरथरतो, ह्यांचा हात आणि नजर दोन्ही स्थिर, एका झटक्यात दोरा पार. मी दुकानात निघेपर्यंत टाचण्यांच्या छोट्या उशीवर वेगवेगळ्या रंगांचे दोरे लावून सुया टोचून तयार असतात. आज उशी रिकामी. विचारलं तर म्हणे कंटाळा आला. कंटाळा! दिवसभर बसून खेळ खेळणाऱ्या माणसाला! दुकानाच्या मालकीणबाईंकडून सुया ओवून घ्याव्या लागल्या, आणि त्यांनी फुकट थोड्याच दिल्या, एक टोमणा सोबत दिला.

१५ फेब्रुवारी, रविवार

पोराचा फोन. मी वहीतून सगळं वाचून दाखवलं. ठिपके गोल की चौकोनी, रंगीत की काळे, अशी त्याने माझी चांगली तोंडी परीक्षा घेतली. मग म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड मरायला टेकलंय, आई." हे कार्ड म्हणजे कम्प्युटरचा चित्रं काढणारा भाग. पोराने कॉलेजात असताना त्याला पिदडून काढलंय. तापलं की ठिपके येतात. "मग मला का दिसत नाहीत?" तर म्हणे, "तू हात पुसून, चष्मा शोधून येईपर्यंत ते गार होत असेल." पटलं. माझा चष्मा शोधायला वेळ लागतो हे खरंच आहे.

नवं कार्ड घ्यायचं ठरलं. मी शिलाई मशिनला नवी मोटर बसवणार होते, ती थांबेल. मोटर काय, जुनीच कुरकुरत चालेल, मीही चालतेच आहे.

मधेच पायाच्या दवाखान्यातून फोन आला. पुढच्या तपासण्या राहिल्यात, डोळ्यांची, मूत्रपिंडाची, अमकीची, तमकीची. तिथून निघताना ह्यांनी माझ्याकडून शब्द घेतलाय की त्या इमारतीत पुन्हा नेणार नाही. "आत दोन पाय घेऊन गेलो होतो," एवढंच म्हणाले होते. आणि डोळे? गल्लीच्या टोकाची पाटी घरात बसून वाचणारा माणूस! फोनवरच्या मुलीला म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. आधी कार्डाचं मार्गी लावू.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अख्खा डबा पिशवीत घालून कम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा, मान खाली घालून स्वतःशीच पुटपुटत असतो. मी त्याचं नाव पुटपुट्या ठेवलं. त्याने जुनं कार्ड तासभर चालवून बघितलं. मी समोर स्टुलावर बसून होते, हलले नाही.

"कार्ड चांगलं आहे," तो पुटपुटला.

"चांगलं असेल तर ठिपके कुठून येतात?"

"इथे तर येत नाहीत बाई."

"इथे घाट कुठाय? घाटात येतात."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच बिघडले आहे. मग विचारलं, "ठिपके तुम्हाला दिसले का?" मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला दिसले, आणि माझा नवरा खोटं बोलत नाही. त्याने जुनं कार्ड पुसून माझ्यापुढे ठेवलं. गिऱ्हाईक घ्यायला आलंय आणि दुकानदार नको म्हणतोय, असं उलटं दुकान मी पहिल्यांदाच बघितलं. आळशी दिसतो.

मग कार्डं मांडली. कोणाला दोन पंखे, कोणाला तीन. एकाच्या अंगावर इतके रंगीत दिवे की लग्नात लावून घ्यावं. पोराने तीन पंख्यांचं सुचवलं होतं. माझ्या गळ्यात टेप असतेच. मी डबा आतून मापला आणि कार्डही मापलं. बोटभर लांब भरलं! पुटपुट्या म्हणाला, बसेल. म्हटलं, बाबा रे, असंच "बसेल" म्हणून घेतलेल्या विजारी आमच्याकडे रोज दुरुस्तीला येतात. तेव्हा पहिल्यांदा हसला. दोन पंख्यांचं घेतलं. स्मरणशक्ती भरपूर आहे म्हणे त्याला, म्हणजे माझ्यापेक्षा बरं.

निघताना त्याने एक गोष्ट बजावली. पडद्याची तार मागे खालच्या आडव्या भोकात लावायची, ती नव्या कार्डाची. वर तसंच एक उभं भोक आहे, त्यात लावली तर कम्प्युटर चालेल पण पडदा काळा राहील. "सगळे तिथेच चुकतात," म्हणाला. मी म्हटलं, मी नाही चुकायची.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कार्ड बसलं. माझं माप चुकलं नाही. चित्र बघून मीच तोंडात बोटं घातली, रस्त्याकडेच्या झाडाचं पान न्‌ पान वेगळं दिसतं. हे मात्र चाकावर हात ठेवून नुसते बघत राहिले.

"काय हो? ठिपके?"

"आहेत." मग चाक फिरवून बघत, "जास्त आहेत."

आणि घाटाच्या चढाला लागल्याबरोबर सगळंच खट्‌कन बंद. पडदा, पंखे, दिवे, सगळं. दोनदा तसंच झालं. पोराला फोन लावला. तो मात्र खुशीत, "हां! मग पॉवर सप्लाय कमी पडतोय!" म्हणजे डब्यात वीज वाटणारा जो भाग असतो तो जुना, आणि हा नवा पाहुणा दुप्पट खाणारा. चढाला जोर लागला की त्याला पुरत नाही. ठिपकेही त्यामुळेच असणार, म्हणाला. अर्धपोटी माणसाच्या डोळ्यापुढे येतात ना काजवे, तसं.

हे मला अगदी पटलं. ह्यांनाही सांगितलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

डबा पुन्हा दुकानात ठेवून आले. आज हे खिडकीपाशी बसले होते. बाहेर स्वच्छ ऊन.

"अगं, खिडकीला कोळ्याचं जाळं लागलंय, काढ."

मी फडकं घेऊन गेले. जाळं नव्हतं. तरी काच पुसली. "गेलं का?" म्हटलं तर हे बाहेर बघत होते. मग भिंतीकडे बघितलं. मग छताकडे. मग माझ्याकडे, बराच वेळ. चेहरा असा झाला होता की मला वाटलं साखर उतरली, धावत जाऊन साखरपाणी आणलं. प्यायले. मी हात धरला तर गार पडला होता.

"काय होतंय?"

"काही नाही. जाळं गेलं. छान पुसलीस काच."

मग संध्याकाळपर्यंत डोळे मिटून बसून राहिले. डबा घरात नसला की ह्यांचं असं होतं. पुटपुट्याला उद्याच गाठते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पॉवर सप्लाय म्हणजे विटेएवढी लोखंडी पेटी, मागून तारांच्या झिपऱ्या. पुटपुट्याने दोन काढल्या. एक हलकी, एक जड. मी दोन्ही हातात तोलल्या आणि जड घेतली. कापड असो की यंत्र, हलकं ते हलकंच. तो म्हणाला, बरोबर केलंत, हलकी लावली तर एखाद दिवशी पेटून सगळ्या घराला घेऊन जाईल. कामाचा माणूस आहे, त्या दिवशी मी उगीच आळशी लिहिलं.

त्याने पुन्हा विचारलं, "ठिपके कार्डाचेच आहेत ना?" म्हटलं, बाबा, तू जोड.

घरी आणून लावला. ह्यांनी घाट चढला, उतरला, कुठे बंद पडलं नाही. मी पाठीशी जीव मुठीत धरून उभी.

"ठिपके?"

"गेले."

"खरंच? एकही नाही?"

"एकही नाही. झकास. पोराला सांग, त्याचं बरोबर होतं."

मी ह्यांच्या डोक्यावर पापा घेतला, एवढ्या वयात! हे हसले. माल पोचवून लॉरी उभी केली आणि दोनदा हॉर्न दिला. खरी लॉरी होती तेव्हा लांबच्या फेरीवरून आले की कोपऱ्यावर असाच दोनदा हॉर्न द्यायचे. मी दारात जाऊन उभी राहायची, मग आत जाऊन चहाचं पाणी ठेवायची. आजही पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले.

लिहून ठेवते, मोठ्या अक्षरात: दोष पॉवर सप्लायचा होता. सापडला. मिटलं.

१ मार्च, रविवार

आता लिहायला बिघाड उरला नाही, पण सवय लागली.

हे रोज खेळतात. विचारलं की म्हणतात, "काय दिसतंय गं, वा!" मी काही विचारायच्या आधीच म्हणतात. माझी छाती फुगते. मालकीणबाईंना कार्डाच्या मापाची गोष्ट दोनदा सांगून झाली.

पोराकडून ह्यांनी एक करून घेतलं. कम्प्युटर लावला की खेळ आपोआप सुरू व्हावा आणि चाकावरचं एक बटण दाबलं की लॉरी निघावी. बारीक अक्षरं वाचून नावं निवडायचा वैताग येतो म्हणे. लाडावलेत.

फक्त लॉरी हल्ली फार आदळते. खोलीतून सारखे धडाधड आवाज येतात. मी म्हटलं, "काय हो, हात बसला नाही का?" तर म्हणाले, "नव्या कार्डात गाड्या जास्त येतात." असेल.

५ मार्च, गुरुवार

सुया अजून नाहीतच. आज मी जरा बोलले. "कार्ड आणलं, पेटी आणली, तुमच्यासाठी दुकानाच्या चार खेपा घातल्या, आणि तुम्हाला माझ्या चार सुया जड?" ह्यांनी उशी मागून घेतली. मी अंघोळ करून आले तर दोऱ्याची टोकं चावून चावून ओली झालेली आणि एका बोटातून रक्त. सुई एकही ओवलेली नव्हती.

"जाऊ दे," म्हटलं, "राहू द्या." मला स्वतःचाच राग आला. साखरेच्या माणसाची जखम भरत नाही. माणूस म्हातारा होतोय, हातही थरथरायचाच.

चहाचा कप आज टेबलाच्या कडेवरून गेला. तो त्यांनीच कडेवर ठेवला होता.

१० मार्च, मंगळवार

दवाखान्याचा परत फोन. ह्यांना विचारलं, जायचं का, नुसतं डोळे आणि रक्त. केवढ्यांदा ओरडले माझ्यावर! "शब्द दिलायस तू!" चाळीस वर्षांच्या संसारात एवढा आवाज नव्हता चढवला. मग चाचपत माझा हात शोधला आणि धरून बसले. म्हणाले, "कशाला जायचं? किती छान चाललंय आपलं."

खरंच छान चाललंय. दोघांचं जेवणही हल्ली एकत्र होतं. ताटात काय कुठे आहे ते मला विचारतात, मी सांगते, हे चेष्टा करतात, "मीठ पूर्वेला का ठेवलंस?" पूर्वी ताटाकडे न बघता जेवायचे, आता निदान चौकशी तरी करतात.

१४ मार्च, शनिवार

सुट्टी म्हणून टेबलामागची जळमटं काढली. तारा काढल्या, पुसल्या, परत लावल्या. हे येऊन बसले, बटण दाबलं, लॉरी सुरू झाल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात गेले. तिथून हाक मारली, "कसं दिसतंय हो? पडदापण पुसलाय आज!"

"वा!" हे म्हणाले. "पाऊस पडून गेल्यावर कसा घाट स्वच्छ दिसतो ना, तस्सा. खाली नदी दिसतेय बघ. पलीकडची घरंसुद्धा मोजून घ्यावीत."

मला इतकं बरं वाटलं की कप घेऊन बघायलाच गेले.

पडदा काळा होता.

मधे नुसती एक पांढऱ्या अक्षरांची चौकट इकडून तिकडे फिरत होती, सिग्नल नाही म्हणून. लॉरीचा आवाज चालू होता. हे चाक धरून त्या काळ्या पडद्याकडे बघत होते, हसतमुख, माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "बघ, बघ, ते डावीकडचं झाड."

तार मी वरच्या भोकात लावली होती.

मी म्हटलं, "हो. सुंदर आहे." आणि कप घेऊन परत स्वयंपाकघरात आले. कप ठेवला. नळ सोडला, म्हणजे आवाज जाऊ नये.

१५ मार्च, रविवार

रात्र गेली. सकाळी विचारलं. आडून आडून नाही, मला ते येत नाही.

"मला बघता येतंय का तुम्हाला?"

हे म्हणाले, "आहेस ते कळतं. खिडकीकडे उभी असलीस तर."

"कधीपासून?"

"जाळं काढलंस ना, त्या दिवशी कळलं. त्याआधी मलाही खरंच कार्डच वाटत होतं गं. तुझी शपथ."

"आणि मग सांगितलं का नाही?"

"तू ती पेटी घेऊन आलीस. एवढी जड, जिना चढून. घामाघूम. आणि विचारलंस ठिपके गेले का. काय सांगू? त्या इमारतीत परत पाठवशील, ते आणखी काही कापतील. म्हटलं चाललंय तेवढं चालू दे. तू किती खूश होतीस."

मी ओरडले. जे तोंडाला येईल ते बोलले. मूर्ख म्हटलं, लबाड म्हटलं, शेजाऱ्यांना ऐकू गेलं असेल. मग ह्यांनी हात पुढे केला तो माझ्या जागी खुर्चीलाच लागला, आणि खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "रडू नको."

त्यावर काय करायचं माणसाने?

शब्द मोडला. बुधवारची वेळ मिळाली.

१८ मार्च, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला गोड. साखरेमुळे डोळ्याच्या आत रक्त झिरपतं, ते ठिपके, ती जाळी. मागचा पडदा ओढला जाऊन सुटलाय, उजवा पूर्ण, डावा जवळजवळ. शस्त्रक्रिया करून बघता येईल, पण फार आशा ठेवू नका. उजेड कळेल, सावली कळेल.

"ठिपके दिसायला लागले तेव्हा लगेच आला असतात तर," त्या म्हणाल्या, आणि माझं तोंड बघून थांबल्या.

ठिपके दिसायला लागले तेव्हा मी लगेचच गेले होते. तारीखवार लिहून, पिशवीत घालून, टेप लावून मापून. फक्त वेगळ्या दुकानात.

हे बाहेर बाकावर बसले होते. मला म्हणाले, "काय गं, काय म्हणाल्या? पॉवर सप्लाय बदलायचा का?" मला हसूच फुटलं, आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

२३ मार्च, सोमवार

भिंतीकडे तोंड.

ज्याला मी भीत होते तेच. पांघरूण वरखाली होतं, एवढंच. पोराला फोन केला, तो ओक्साबोक्शी रडला. "आई, मी कार्ड सांगितलं, मीच सांगितलं." त्याला गप्प करता करता माझंच रडायचं राहून गेलं. मोठा झालाय, पण फोनवर रडतो तेव्हा अजून तसाच हुंदका अडकतो त्याचा.

ह्यांनी भिंतीकडूनच सांगितलं, "तो डबा देऊन टाक. पुटपुट्या परत घेईल कार्ड." मी म्हटलं, "घेणार नाही." विचारलेलं नाही मी त्याला. विचारणारही नाही.

२९ मार्च, रविवार

सकाळी तार खालच्या भोकात लावली. मग ह्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले.

"उठा. लॉरी न्यायची आहे."

"चेष्टा करतेस?"

"चेष्टा कसली. माल पडून आहे. मला येत नाही चालवायला, तुम्हाला दिसत नाही. दोघं मिळून एक ड्रायव्हर होतो का बघू."

भिंतीकडून आवाज, "तुला डावं-उजवं कळतं का? जन्मात एकदा तरी बरोबर सांगितलंयस?"

"बाह्या लावते मी रोज! डावी डावीकडेच लावते!"

उठले. मी हात नाही दिला, खांदा पुढे केला, त्यांनी धरला.

चष्मा लावून मी शेजारी स्टुलावर बसले. खरं सांगते, एवढे दिवस कार्डाचं कौतुक केलं पण घाट मी आज पहिल्यांदा नीट बघितला. दगडावरचं शेवाळंसुद्धा दिसतं. ते बघून चष्मा काढून पुसला, परत लावला.

"सरळ... सरळ... आता डावीकडे. थोडं! थोडं म्हटलं ना!" धडाम.

"थोडं म्हणजे किती? बाहीएवढं की बटणाएवढं?"

"बटणाएवढं."

मग बटण, दोन बटणं, वीतभर, असंच चाललं. वळण यायच्या आधी हेच सांगायचे, "आता उजवीकडे दरी येईल, इथे पूल असेल," आणि असायचा. चार वेळा धडकलो. एकदा दरीत गेलो, तेव्हा दोघंही ओरडलो. त्या गाढवाला, दिवा न देणाऱ्याला, ह्यांच्या वतीने मी शिवी दिली. हे म्हणाले, "अशी नाही द्यायची," आणि नीट शिकवली.

शेवटी गोदाम आलं. लॉरी उलटी लावायची होती, ते सगळ्यात अवघड. मी उभी राहिले आणि लॉरीवरचे मदतनीस ओरडतात तशी ओरडले, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बस!"

ह्यांनी ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. खोली एकदम शांत झाली. घाम पुसला.

"पोचलो का?"

"पोचलो."

"आहे का कोणी?"

मी पडद्यावर बघितलं. ओसाड अंगण, एक खांब, बंद फाटक. त्या खेळात माणसं नसतातच.

"मी आहे ना," म्हटलं. "दारात उभी."

ह्यांनी चाकावर बोटाने बटण शोधलं आणि दोनदा हॉर्न दिला. मी उठले आणि चहाचं पाणी ठेवलं.